खुलाशांनी न पाहिलेले गीझर

त्यांचं आडनाव खुलासे नव्हतंच मुळी. गॅसचे गीझर बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं तक्रारींना उत्तरं लिहिली, आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'आपल्या तक्रारीचा खुलासा पुढीलप्रमाणे' अशी. चहाच्या टेबलावर कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे गिऱ्हाइकंच 'माननीय खुलासे साहेब' म्हणून पत्रं धाडू लागली, तेव्हा यांनीही हौसेने तीच सही करायला सुरुवात केली. पोस्टमनला वाटायचं, खुलाशांचं घराणं फार नामांकित असणार.

हौस तेवढीच. बाकी माणूस हट्टी, तिरसट आणि नियमाचा पक्का. नियम एकच: पाहिल्याशिवाय 'पाहिला' लिहायचं नाही. तक्रार आली की पिशवीत पाना, स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी टाकायची आणि थेट गिऱ्हाइकाचं घर गाठायचं. "तुम्ही कारकून की मिस्त्री?" जुने साहेब वैतागायचे. "कारकूनच, पण डोळे असलेला," हे म्हणायचे. दोष कंपनीचा असला तर तसं सरळ लिहून मोकळे. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण गावात लोक म्हणायला लागले, खुलाशांनी लिहिलंय ना, मग झालं तर! एकतीस वर्षांत या माणसाने कमावलं ते एवढंच. बढती नाही की बंगला नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एके दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात एक शिवणकाम करणारी बाई उभी, गळ्यात टेप तसाच, हातात कागद.

"तुम्हीच का ते खुलासे?"

"हो. या ना आत."

"आत नाही यायचं मला. आधी सांगा, माझ्या घरी कधी आला होतात?"

खुलासे गोंधळले. बाईने कागद त्यांच्या छातीशी धरला. तिची नऊ वर्षांची मुलगी अंघोळ करता करता न्हाणीघरात बेशुद्ध पडली होती. कडी तोडून तिला बाहेर काढावं लागलं. गीझरमुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बाईने कंपनीला लिहिलं. त्यावर हे उत्तर आलं होतं, मागच्याच आठवड्याच्या तारखेचं: 'मी स्वतः आपल्या घरी येऊन गीझर पाहिला. कोणताही दोष नाही. निर्धास्त वापरावा.' खाली सही. खुलासे.

"दिवसभर मी मशीनवर बसलेली असते. दारात मांजर आलं तरी मला कळतं. तुम्ही काय भिंतीतून आलात? माझी पोर मरता मरता वाचली, आणि तुम्ही घरी बसून खुशाल 'पाहिला' लिहिता? जनाची नाही तर मनाची तरी लाज?"

सही त्यांचीच होती. खालची तिरकी रेघसुद्धा त्यांचीच. खुलाशांचे कान तापले. आयुष्यभरात असं ऐकून घेतलं नव्हतं त्यांनी कुणाचं, आणि वाईट हे की बाईचं एकेक अक्षर खरं होतं. फक्त ज्याला सुनावत होती तो माणूस चुकीचा होता. ते 'ही सही मी केलेली नाही' म्हणाले असते, तर बाई हसली असती. म्हणून ते एवढंच म्हणाले, "थांबा, पिशवी घेतो. आता पाहतो."

तिच्या घरी गीझरचं झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत सगळं समजलं. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा जोड सुटलेला. जोड आवळणारी पट्टी पूर्वी जाड यायची, ही पत्र्याच्या डब्याइतकी पातळ, गरम होऊन वाकलेली. विषारी धूर सगळा आत कोंडत होता. एका घरची गोष्ट नव्हती ही. ही पट्टी लावलेला जो जो गीझर बाहेर पडला असेल, त्या त्या घरात हेच होणार होतं. त्यांनी गॅसची चावी बंद केली आणि तडक कंपनी गाठली.

तिथे त्यांच्या जुन्या खोलीला आता काचेचं दार होतं आणि आत ग्राहकसंवाद प्रमुख म्हणून एक गुळगुळीत दाढी केलेले साहेब होते.

"अरे वा, काका! बसा, पाणी घ्या."

"ही सही कुणी केली?"

"केली नाही, कॉम्प्युटरमध्ये ठेवलीय. तुमच्याच एका जुन्या पत्रावरून घेतली." छत्री कोपऱ्यात ठेवलीय, इतक्या सहज सांगितलं त्यांनी.

"मी मेलो असं वाटलं की काय तुम्हाला?"

"छे, छे! उलट आम्ही पाहणी केली. तुमच्या सहीचं पत्र गेलं की दहातले नऊ जण पुन्हा तक्रारच करत नाहीत. तुमचा सन्मानच आहे हा."

"सन्मान? तो जोड सुटलाय, पोर गुदमरली, आणि पत्रात लिहिलंय दोष नाही!"

"आपण 'दोष' म्हणत नाही, काका. 'वापरातील अडचण' म्हणतो."

"आणि 'पाहिला'? पाहिला कुणी?"

"तो दिलासा देणारा शब्द आहे."

"दिलासा नाही, खोटं आहे ते! चक्क धडधडीत खोटं!"

साहेब हसले. चोरी पकडली गेली तर चोर निदान खाली बघतो. इथे चोरच पाण्याचा ग्लास पुढे करत होता! मग ते हळूच म्हणाले, "तुमच्या सूनबाई आपल्याच टपाल विभागात आहेत ना? छान काम करतात. त्यांचा विचार करा."

संध्याकाळी सून घरी आली तशी खुलाशांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. "बाबा, ते म्हणाले तुम्ही परवानगी दिलीय."

"रोज समोरासमोर जेवतो आपण! मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मला नोकरी सोडावी लागली असती," ती म्हणाली आणि रडायला लागली. "म्हणून नाही विचारलं."

खुलाशांनी तिच्या हातातला डबा काढून घेतला. रागवायचं तरी कुणावर? दुसऱ्या दिवशी तिने टपालाच्या वहीतून त्यांच्या सहीच्या पत्रांचे पत्ते उतरवून आणले. एकशे त्रेसष्ट. "नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. पाकिटं माझ्याच हातांनी बंद केलीत मी," ती म्हणाली.

पहिल्या पत्त्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. आतून पाणी पडण्याचा आवाज येत होता. नात अंघोळीला गेली होती.

"गीझर आधी बंद करा," खुलासे म्हणाले. "धोका आहे."

"कसला धोका? खुलासे स्वतः येऊन पाहून गेलेत. हे बघा पत्र."

"तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"मी झोपलो असेन. पण त्यांनी लिहिलंय म्हणजे आलेच असणार. माझ्या भावासाठी कंपनीशी भांडला होता तो माणूस. खोटं लिहायचा नाही."

"अहो, मीच खुलासे!"

"मग प्रश्नच मिटला की! तुम्हीच लिहिलंय ना, दोष नाही म्हणून?"

"मी नाही लिहिलं ते!"

"मग तुम्ही खुलासे कसे?" म्हाताऱ्याने दार लोटायला घेतलं. आत पाणी पडतच होतं. नात गुणगुणत होती.

खुलाशांनी दारात पाय घातला. जीव तोडून खरं सांगावं तर हा माणूस ऐकेना, आणि का ऐकेना, तर खुलाशांवर त्याचा विश्वास होता म्हणून! असा संताप त्यांना उभ्या जन्मात आला नव्हता.

"काका, ऐका," ते म्हणाले. "तो खुलासे एक नंबरचा खोटारडा आहे. एकतीस वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलंय. कुणाच्या घरी जात नाही, काही बघत नाही. पैसे खातो आणि पत्रं लिहितो."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "काय सांगता!"

"पोर आत आहे. बंद करा आधी!"

म्हातारा धावला. चावी बंद झाली, न्हाणीघराचं दार वाजलं, नात ओल्या केसांनी कुरकुरत बाहेर आली. "डोकं दुखतंय माझं," ती म्हणाली. म्हाताऱ्याने तिला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने पत्र चुरगाळलं.

"नालायक माणूस," तो म्हणाला. "आणि आम्ही त्याला देवमाणूस समजत होतो."

"हो," खुलासे म्हणाले, "नालायकच."

दुसऱ्या घराची घंटा वाजवली तेव्हा ते आपण कोण, कुठले, काही सांगत बसले नाहीत. दार उघडताच म्हणाले, "तुमच्याकडे खुलाशाचं पत्र आलंय ना? त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी त्याला चांगला ओळखतो."