आधी शून्य

काटेवाल्याची बाजारात भांडणं व्हायची ती फक्त शून्यावरून. वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं लहानसं दुकान होतं. दुरुस्त झालेला काटा दुकानाबाहेर पडण्याआधी तो त्याच्यावर स्वतःच्या हाताने एक चिकटपट्टी लावायचा: 'आधी शून्य बघा'. रिकाम्या काट्यावर चार ग्रॅम दिसत असताना कुणी माल ठेवला, की हा भर गिऱ्हाइकांत त्या दुकानदाराची हजेरी घ्यायचा. "चार ग्रॅमने काय होतंय?" असं विचारणाऱ्याशी तो आठवडाभर बोलत नसे. माणूस तसा साधा, पण या एका बाबतीत डोक्यात जाणारा.

त्याच्या हाताचीही बाजारात ख्याती होती. वस्तू तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि वजन सांगायचा. मग काट्यावर ठेवून बघा, दहा-वीस ग्रॅमच्या आतबाहेर. बायको शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायची. ती म्हणायची, "लग्नाआधी मला उचलून बघितलं नाहीस, हेच माझं नशीब." तो हसायचा आणि म्हणायचा, "बघितलं असतं, पण तुझे वडील समोर होते."

ही असली थट्टा दवाखान्याच्या दारापर्यंतच टिकली.

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपारचे तीन वाजले तरी बाळ येईना. बायकोचं मनगट त्याच्या मुठीत होतं की त्याचं तिच्या, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. शेवटी एकदाचं बाळ आलं, आणि खोलीत कुणी काहीच बोललं नाही. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता. डॉक्टरीणबाईंनी तो झटकन सोडवला, पण लेकराचा रंग निळसर होता आणि ते रडत नव्हतं.

"रडत का नाही?" बायकोने विचारलं. "अरे, बाळ रडत का नाही?"

सिस्टर बाळाची पाठ चोळत होती. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे पाठ करून काहीतरी करत होत्या, आणि त्या पाठीकडे बघत तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता इतका घाबरला होता. मग एक बारीक, चिडकं, कुणीतरी झोपमोड केल्यासारखं रडणं ऐकू आलं. बायकोने डोळे मिटले.

मुलगी होती. सिस्टरने तिला घरून आणलेल्या जाड पिवळ्या टॉवेलात गुंडाळलं आणि कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवलं. एक हात बाळावर, दुसऱ्या हातात कार्ड. तिने मान वळवून हाक मारली, "अहो काटेवाले, तुमचाच काटा आहे, तुम्हीच वाचा. किती?"

काटा खरंच त्याचाच होता, म्हणजे गेल्या महिन्यात त्यानेच दुरुस्त करून दिलेला. त्याने आकडा वाचला. "दोन किलो नऊशे."

सिस्टरने लिहून घेतलं. टॉवेल काढून बाळाला पातळ झबलं घातलं आणि त्याच्या हातांवर ठेवलं. सवयीने त्याचे डोळे मिटले. हात म्हणाला, दोन किलो साडेसहाशे, फार तर सातशे. त्याने डोळे उघडले. हात थरथरत होते. अशा हाताचं कोण ऐकतं? काट्याने सांगितलं ते खरं.

तिसऱ्या दिवशी घरी सोडण्याआधी पुन्हा वजन केलं. या वेळी सिस्टर दुसरी होती. तिने काट्यावर कापड अंथरलं, बटण दाबून शून्य केलं, बाळाला उघडं करून ठेवलं. दोन किलो चारशे नव्वद. तिने कार्ड बघितलं, पुन्हा आकडा बघितला, आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"पहिले काही दिवस वजन थोडं उतरतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण चारशे दहा ग्रॅम म्हणजे फार झालं." त्यांनी बाळाचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. "दिसायला तर बरी दिसतेय. लंगोट किती ओले होतात?"

"बरेच होतात," बायको म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

"दर दोन तासांनी पाजा. परवा सकाळी घेऊन या. वजन चढलं नसेल तर भरती करून घेऊ. नळीने दूध द्यावं लागेल."

नळी हा शब्द दोघांनी घरी नेला आणि घरभर तोच एक शब्द उरला. सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या. त्यांनी चार बाळंतपणं बघितली होती आणि काटा एकाही वेळी बघितला नव्हता. "लेकरू पितंय, झोपतंय, लंगोट भिजवतंय. आणखी काय हवं?" त्या म्हणाल्या. कुणीही त्यांचं ऐकलं नाही. खरं म्हणजे त्या घरात त्या दिवशी एवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं, पण शिकल्यासवरल्या माणसांना भीती वाटायला लागली की त्यांना आकडे लागतात.

काटेवाला दुकानात गेला आणि सपाट पत्र्याचा, पाच ग्रॅमपर्यंत अचूक असलेला काटा घेऊन आला. सोबत प्रमाण वजनांची पेटी. जेवणाच्या टेबलावर त्याने काटा मांडला, पायांखालचे स्क्रू फिरवून समपातळीत आणला, एक किलोचं वजन ठेवून तपासला. मग पाजण्याआधी बाळाचं वजन, पाजल्यावर बाळाचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. हिशेब चोख होता. असल्या चोख हिशेबाने माणसाचा जीव जातो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा वीस ग्रॅम भरले. मग पंधरा. मग पुन्हा वीस. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने चाळीस मिनिटं पाजलं. टाके दुखत होते म्हणून एका कुशीवर रेलून, घामाघूम होऊन पाजलं, आणि बाळाला त्याच्या हातात देताना ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"किती?"

त्याने बाळाला काट्यावर ठेवलं आणि आकड्यावरून नजर काढली नाही.

"अरे, किती?"

"पाच."

"पाच ग्रॅम? चाळीस मिनिटांत?"

"काटा पाचपाचच्या टप्प्यानेच दाखवतो. सात-आठही असतील..."

"सात-आठ!" ती हसली. "पस्तीस पोरांना डबे संपवायला लावते मी. स्वतःच्या एका पोरीचं पोट भरता येत नाही मला."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे? तूच सांग, तुझ्याकडे काटा आहे." तिने भिंतीकडे तोंड केलं. "उद्या देतील ते नळीने. तिचं तरी पोट भरेल."

सासूबाईंनी त्याला हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं. "जावईबापू, मी कधी तुमच्या मधे बोलत नाही," त्या मधे बोलत म्हणाल्या. "ते यंत्र उचला. माझी पोर झुरायला लागलीय. आईने धसका घेतला की दूध आटतं."

काटा उचलावा तर पोरीचं काय होतंय ते कळणार नाही. ठेवावा तर बायको अशी. घाबरलेल्या माणसाला दोन वाटा दिसल्या की तो जागचा हलत नाही. काटा टेबलावरच राहिला. बाळ मधेच दचकून हात उडवायचं, आणि प्रत्येक वेळी त्याला तीच पाठमोरी डॉक्टरीणबाई दिसायची. तो वाकून बाळाच्या नाकाशी बोट धरायचा. श्वास लागला की सरळ उभा राहायचा, आणि पुन्हा वाकायचा.

दवाखान्यात जायचा दिवस उजाडला. निघण्याआधी एकदा वजन बघून घ्यावं, म्हणजे काय ऐकावं लागणार ते आधीच कळेल, असं त्याला वाटलं. हवेत गारठा होता. तो झबल्याचा बंद सोडायला लागला तशा सासूबाई आडव्या आल्या.

"उघडी नाही करायची. सर्दी होईल. करायचंच तर टॉवेलात गुंडाळून करा."

वाद घालायचं त्याच्यात बळ नव्हतं. त्याने दोरीवरचा पिवळा टॉवेल घेतला, घडी करून काट्यावर ठेवला आणि सवयीप्रमाणे शून्य करायला बोट पुढे केलं. बोट बटणावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

काटा दाखवत होता, दोनशे चाळीस.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याला ती खोली आठवली, कोपरा आठवला, पिवळा टॉवेल आठवला. टॉवेलातलं बाळ आणि त्याखालचा काटा. काट्यावर त्याच्याच अक्षरातली चिकटपट्टी. सिस्टरने विचारलं, किती? आणि त्याने, साऱ्या बाजाराला शून्य शिकवणाऱ्याने, टॉवेलासकट आकडा वाचला. दोन किलो नऊशेमधून दोनशे चाळीस गेले, राहिले दोन किलो सहाशे साठ. हाताने बरोबर सांगितलं होतं.

चारशे दहा ग्रॅम उतरलेच नव्हते. उतरले होते एकशे सत्तर, म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं 'थोडं'.

त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण आधी त्याला लाज वाटली. इतकी की सासूबाईंसमोर उभं राहवेना. तो टॉवेल घेऊन आतल्या खोलीत गेला. बायको पलंगावर बसून केस बांधत होती, दवाखान्यात राहायची तयारी असल्यासारखी. कोपऱ्यात पिशवीही भरून ठेवली होती.

"तुझं दूध पुरतंय," तो म्हणाला. "पहिल्यापासून पुरतंय. मी चुकलो."

त्याने सगळं सांगितलं. भराभर, एका दमात, टॉवेल दोन्ही हातांत धरून. ती ऐकत राहिली. मग तिने टॉवेल त्याच्या हातातून ओढून घेतला आणि त्याच्याच अंगावर फेकला.

"दोन दिवस!" ती ओरडली. "दोन दिवस मी स्वतःला काय काय बोलले माहितीये? तू, तू शून्य बघितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते फार तोकडं वाटत होतं. "ती रडत नव्हती ना आधी," तो म्हणाला. "मग रडली. मी तिच्याकडेच बघत होतो. आकडा मी वाचला खरा, पण बघितला नाही."

बायको रडायला लागली. तो जवळ गेला तर तिने त्याला ढकललं, आणि मग त्याच हाताने त्याचा सदरा धरून ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉवेल काट्यावर ठेवून बघितला. दोनशे चाळीस. मग कापड अंथरलं, शून्य केलं. या वेळी सिस्टरसकट खोलीतल्या चौघांनीही ते शून्य बघितलं. बाळाला ठेवलं. दोन किलो पाचशे पंधरा.

"परवापेक्षा पंचवीसने वर," त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाला पुन्हा नीट तपासलं, कार्डावरचा नऊशे खोडला आणि शेजारी सहाशे साठ लिहिलं. "घरी जा. एखादं पाजणं पाच ग्रॅमचं निघालं म्हणून काही बिघडत नाही, दिवसभराचं मिळून बघायचं. पुढच्या आठवड्यात दाखवा." मग काट्यावरच्या चिकटपट्टीकडे बघून म्हणाल्या, "ही तुमचीच ना?" त्याने मान खाली घातली.

घरी आल्यावर त्याने काटा पेटीत भरला, वजनं मखमलीच्या खाचांत बसवली, झाकण लावलं. बायको बाळाला पाजत होती. पाजून झालं. किती, असं कुणी विचारलं नाही. तिने बाळाचं तोंड पुसलं आणि त्याला बोलावलं.

"घे तिला."

तो थबकला. दोन दिवसांत त्याने पोरीला उचललं होतं ते पाळण्यातून काट्यावर आणि काट्यावरून पाळण्यात. त्याने हात पुढे केले. तिने बाळाला त्या हातांवर ठेवलं, मान नीट टेकवून दिली. सवयीने त्याचे डोळे मिटायला लागले, पण पोरीने तेवढ्यात जांभई दिली आणि ते उघडेच राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हात थरथरतोय अजून," तो म्हणाला. "तू घे परत. पडेल."

ती उशीला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"थरथरू दे," ती म्हणाली. "धर तिला."