पार्किंगची सेवा

माझ्या डोक्यात काहीही बिघाड नाही, असं एका मानसोपचारतज्ज्ञाने मला लेखी कळवलं. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मी ते पत्र आमच्या अल्बनीच्या घरातल्या गॅरेजमध्ये उभं राहून वाचलं, कारण आत पाहुणे होते आणि पाहुणे असले की मी गॅरेजमध्येच असतो.

मायदेश सोडून आलो आणि मी इथल्याच सैन्यात मेकॅनिक झालो. परदेशातल्या एका मोहिमेवर गाड्या तपासून, सही करून तळाबाहेर सोडणं हे माझं काम. एका सकाळी मी सोडलेली गाडी रस्त्यात पुरलेल्या स्फोटकावर गेली. जे उरलं ते ओढून माझ्याच शेडमध्ये आणलं, आणि पाण्याच्या फवाऱ्याने ते आतून धुण्याचं काम माझ्याकडे आलं. गाडीत दोष नव्हता, असं चौकशीत निघालं. तेही खरंच आहे. पण तिचं दार आदल्या दिवशी मी हट्टाने दुरुस्त केलं नसतं, तर ती त्या सकाळी निघालीच नसती. हा हिशोब मी आजवर मिटवू शकलेलो नाही.

सैन्य सोडून पेनरोजच्या एका ट्रक डेपोत लागलो. तिथे गाड्या धुण्याची बाजू माझ्याकडे देऊ नका, एवढीच अट घातली. कारण सांगितलं नाही. घरी मात्र सुटका नव्हती. इथे सुट्टीच्या दिवशी ऊन पडलं की शेजारी वॉटरब्लास्टर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचं यंत्र, काढतो आणि ड्राइव्ह-वे धुवायला घेतो. तो आवाज आणि ओल्या लोखंडाचा तो वास आला की मी किल्ली उचलून निघतो आणि अख्खं शहर ओलांडून थेट पुकेकोहेच्या शेतमळ्यांपाशी जाऊन थांबतो. तिथे रस्त्याकडेच्या दुकानातून कांद्याची गोणी घ्यायची, म्हणजे जायला काहीतरी कारण होतं, असं दिसतं. गॅरेजमध्ये कांदे साठले की शेजाऱ्याचा ड्राइव्ह-वे स्वच्छ आहे, असं माझी बायको न बघता सांगू शकते.

शेवटी तिच्याच आग्रहावरून मी माजी सैनिकांसाठीच्या मदतीचा अर्ज केला आणि तपासणीची वेळ मिळाली. त्या सकाळी मी काय केलं? गुळगुळीत दाढी केली. शर्टाला कडक इस्त्री केली. बायको म्हणाली, "तिथे रडगाणं गाऊ नका हं. परक्या माणसासमोर बरं दिसत नाही." मलाही ते अगदी पटलं. डॉक्टरांनी विचारलं, कसे आहात? मी म्हणालो, "गुड, थँक यू. तुम्ही?" खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवलेली होती. मी तीत बसलो. पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी हसत होतो. घरी काही त्रास, असं डॉक्टरांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "ऑल गुड. ही इज व्हेरी हेल्पफुल." चहा थंड व्हायच्या आत आम्ही बाहेर होतो.

अहवालात या गृहस्थांनी लिहिलं: पोशाख नीटनेटका, विनोदबुद्धी शाबूत. लांबवर गाडी चालवणे आणि ताजी भाजी आणणे हे छंद. समाजाच्या मासिक कार्यक्रमात स्वयंसेवक. लष्करातील काम गाड्यांच्या दुरुस्तीचे, प्रत्यक्ष लढाईचा संबंध नाही. निष्कर्ष: आजार आढळत नाही. इतकी वर्षं शिकून माणूस इस्त्री बघायला शिकतो! घामाचा डाग मागे होता. तो बघायला त्यांना खुर्चीतून उठावं लागलं असतं.

पण स्वयंसेवक असल्याची माहिती त्यांना मीच दिली होती, अभिमानाने. महिन्यातून एकदा आमचे लोक शाळेचा हॉल भाड्याने घेऊन बुद्धवंदना करतात. पहिल्या कार्यक्रमापासून पार्किंग माझ्याकडे. डेपोतलं पिवळं जाकीट घालून मी बाहेर उभा राहतो, उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवतो. सगळे आत गेल्यावरही उभाच राहतो. लोक म्हणतात, भाऊंची सेवा बघा! मी मान लववून ते कौतुक घेत आलो.

या अहवालावर माझा अर्ज नाकारला गेला, पण निकालाविरुद्ध दाद मागता येते. माजी सैनिकांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने ते समजावलं. म्हणाला, तुला रोज बघणाऱ्या लोकांकडून त्यांनी जे पाहिलं ते लिहून आण. म्हणून मी आमच्या वंदनेच्या समितीच्या अध्यक्षांना, ज्यांना सगळे दादा म्हणतात त्यांना, फोन केला. दादा मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पुढच्याच रविवारी ते छापील कागद घेऊन घरी, थेट गॅरेजमध्येच आले.

"मनापासून लिहिलंय. सगळ्या समितीच्या सह्या घेतल्यात," म्हणाले आणि स्वतःच वाचू लागले. 'सदर गृहस्थ अत्यंत शांत, हसतमुख व मनमिळाऊ असून त्यांचे कौटुंबिक जीवन आदर्श आहे. त्यांच्यात आम्हांस कधीही कोणतेही वैगुण्य आढळले नाही.'

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दादा, हे लग्नाच्या साइटवर टाका. यांचं दुसरं लग्न सहज जमेल."

"मग काय वहिनी, आपल्या माणसाला वेडा म्हणून लिहून देऊ?"

"वेडा नका लिहू. हे पार्किंगला का उभे असतात, ते लिहा."

"सेवाभाव."

"कसला सेवाभाव! वंदनेला सगळे डोळे मिटतात. यांना चार माणसांत डोळे मिटवत नाहीत. आत बसवतच नाही, म्हणून बाहेर उभे असतात."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याच्या गोणीकडे.  मग दादा हळूच म्हणाले, "जयंतीला मी मागून तुझ्या पाठीवर थाप मारली होती. तू मला गाडीच्या बॉनेटवर दाबून धरलंस."

"आठवतं."

"मी सगळ्यांना सांगितलं, फौजी माणूस, मस्करी करतो."

"तेच लिहा ना," बायको म्हणाली.

"अहो, पण माझी काय इज्जत राहील?"

"तुमची?"

दादा ओशाळले, हसले, आणि त्यांनी नवा कागद मागून घेतला. मला त्यांचा राग आला होता, पण तो मिरवायचा मला हक्क नव्हता. दाखला त्यांनी लिहिला होता. त्यातला आदर्श माणूस इतकी वर्षं मी त्यांना पुरवत होतो. मुलीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभातून मी उठून गेलो तेव्हा 'पप्पांना काम होतं' असं तिला सांगायची पाळी मी बायकोवर आणली. अशा घरात त्या डॉक्टरांना खरं कोण सांगणार होतं?

सुनावणीला बायको बोलली. "मागच्या वेळी मी डॉक्टरांना खोटं सांगितलं," इथूनच तिने सुरुवात केली. मग वॉटरब्लास्टर, मग कांदे. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी थांबवून विचारलं, "कांदे?" बायकोने पुन्हा नीट सांगितलं, आणि त्यांनी ते उतरवून घेतलं. जुना अहवाल बाजूला ठेवून दुसऱ्या डॉक्टरांकडून नव्याने तपासणी व्हावी, असा निर्णय आला. मी आजारी आहे असं कुणी म्हटलं नाही. पुन्हा बघू, एवढंच. आपण मोडलेले आहोत यावर शिक्का मिळावा म्हणून माणूस व्हिसासारखी वाट बघतो, ही तऱ्हा मी स्वतः अनुभवली.

नव्या तपासणीच्या सकाळी हात आपोआप इस्त्रीकडे गेला. बायको म्हणाली, "करा हवी तर. पण तिथे तोंड उघडा."

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. "किआ ओरा, कसे आहात?" त्यांनी इथल्या पद्धतीचा नमस्कार करत विचारलं. 'गुड' जिभेच्या टोकावर आलंच होतं. खुर्ची याही खोलीत दाराकडे पाठ करून होती. बहुधा सगळ्यांना एकाच दुकानातून अक्कल मिळते. मी खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि उभाच राहिलो.

"मला इथे बसता येणार नाही," मी म्हणालो.

 त्या स्वतः उठल्या आणि भिंतीकडची आपली खुर्ची त्यांनी मला दिली. मी बसलो. पाठीला भिंत लागली. समोर दार दिसत होतं, आणि दाराशी बायको.

"आता लिहा," मी म्हणालो. "हे सगळ्यात आधी लिहा."