धारेची साडी

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात दूध काढून देणाऱ्या गवळ्यांत हंबीररावांचा आवाज सगळ्यांत मोठा. "या पावणं, फेसासकट घ्या!" ते ओरडणार, गिलास भरणार, गप्पा हाणणार. धार मात्र बायको चिमणाबाईच काढणार. नाव नवऱ्याचं आणि गुडघे बायकोचे झिजलेले, असला हा धंदा. गिरणीतल्या माणसाला सुट्टीसुद्धा भांडून मिळवावी लागली. गवळणीसाठी कोण भांडलंय? लग्न झाल्यापासून ही दोघं एका रात्रीसाठीही मिळून गाव सोडून गेली नव्हती. एक पाव्हण्यांकडं, तर दुसरं गोठ्यात.

म्हणून पोरानं, विश्वजितनं, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीची दोघांची तिकिटं काढली, तेव्हा हंबीरराव आतून हरखले. वरून म्हणाले, "कशाला रं असली थेरं?" आणि त्याच दुपारी नवं पायताण आणायला निघाले.

"मामा, कोल्हापुरी नको," सून क्रांती हसत म्हणाली. ती लग्नानंतर असल्या बोटीवर जाऊन आलेली. "डेक ओला असतोय, घसरतंय. रबरी तळाची घ्या. आणि आदल्या दिवशीच मुंबई गाठा. बोट काय यष्टी न्हाय, हात केल्यावर थांबायला."

"आनि गं?"

"मोठी बॅग बोटीवाले घेतात, ती खोलीत उशिरा येते. बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मळमळीची गोळी चढायच्या आधी घ्यायची. उलटी झाल्यावर घेऊन उपयोग न्हाय. घरचं खाणं आत नेऊ देत न्हाईत."

"ठेचा बी न्हाय?"

"ठेचा बी न्हाय. आणि रात्रीच्या जेवणाला चांगले, इस्त्रीचे कपडे लागतात."

चिमणाबाई भाकरी थापत ऐकत होत्या. "फोन लागतोय का तिथं?"

"मधल्या समुद्रात रेंज नसती, आत्ती."

"मग हरणीचं कसं कळायचं मला?"

सगळं तिथंच अडलं. हरणी म्हणजे त्यांची म्हैस. चिमणाबाईंचा वास आल्याशिवाय पान्हा सोडत नसे. धार तुंबली तर कास सुजते, जनावर तळमळतं. पण यावर तोड होती. चिमणाबाईंची एक हिरवी साडी कायम गोठ्यातल्या खुंटीला असायची. तिला साबण कधी लागला नव्हता. शेण, पेंड, दूध, घाम, सगळं तिच्यात मुरलेलं. तीच नेसून क्रांतीनं धारेला बसायचं, असं ठरलं. आठवडाभर आधी करून बघायचं म्हणून क्रांती साडी नेसली आणि बादली घेऊन बसली.

हरणीनं मान वळवून हुंगलं, फुसकारली आणि लाथेनं बादली थेट दारापर्यंत पाठवली.

चिमणाबाईंनी सुनेचा पदर नाकाला लावला. "ह्याला तर साबणाचा वास येतोय!"

हंबीरराव दारातच उभे होते. तोंड उतरलं. इस्त्रीचे कपडे लागतात म्हटल्यावर त्यांनी बायकोच्या दिसतील तेवढ्या साड्या गोळा करून लाँड्रीत टाकल्या होत्या. सकाळची धार झाल्यावर खुंटीवरचीसुद्धा. दुपारी ती धुऊन आल्यावर स्वतःच नेऊन खुंटीला लावली होती, घडी न मोडता.

"आवो, धारेची साडी कुनी लाँड्रीत टाकतंय व्हय?" चिमणाबाई कडाडल्या. "ऱ्हाऊ दे आता. तुमी जावा पोराला घेऊन. समुद्र बघायची हौस तुमालाच हाय."

एरवी हंबीरराव दुप्पट ओरडले असते. आज ते गव्हाणीच्या कडेवर बसले.

"मला कुठला समुद्र बघायचाय? तुला नुसती बसल्याली बघायची हाय. इतकी वरसं झाली, तू हात मोकळं सोडून बसल्याली मी कदी बघितली न्हाय."

चिमणाबाईंनी पदर खोचला. बादली उचलली, हरणीच्या पाठीवर हात फिरवला आणि स्वतः धारेला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्या तीच साडी नेसून गोठ्यात आल्या. शेण काढलं त्याच साडीत, वैरण टाकली त्याच साडीत, कट्ट्यावर गेल्या त्याच साडीत. हंबीरराव गुपचूप पेंडीचं पाणी साडीच्या काठावर शिंपडायचे. "आवो, बास की! मला बी हुंगल आता ती," म्हणून चिमणाबाईंनी हसत हात झटकला. साडी अंगावरून उतरली ती निघायच्या संध्याकाळीच, आणि उबदार होती तोवरच क्रांती ती नेसली.

रिक्षा दारात उभी. बॅगा चढल्या. चिमणाबाई मात्र गोठ्याच्या भिंतीला कान लावून बाहेर थांबल्या. आत शांतता. मग बादलीच्या तळाला बारीक आवाज झाला, आणि लगेच भरभरून धार सुरू झाली.

चिमणाबाईंचे डोळे भरले. "लगीच सोडली की वो. जरा बी आडली न्हाय."

"रुसलीस व्हय म्हशीवर?"

"रुसू नको तर काय करू?" म्हणत त्या रिक्षात चढल्या. पदर सारखा केला. पिशवी हंबीररावांनी आधीच आपल्याकडं घेतली होती. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या.

हंबीरराव वाकून बघत होते.

"काय बघताय?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "बस की तशीच."