बाई पाणी प्यायला जायच्या

घोडेगावच्या बाजारात शिबिरासाठी दोरी घेत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. जुन्नरहून बाईंच्या सुनेचा फोन. "ताई, आई गेल्या. दुपारी जेवल्या, जरा पडते म्हणाल्या..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. दुकानदाराने विचारलं, "अजून पायजे का दोरी?" आणि मी बावळटासारखी हो-हो म्हणत राहिले. आता घरात इतकी दोरी पडली आहे की अख्ख्या गावाची गुरं बांधून होतील. बाई असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

निर्मलाबाई जुन्नरच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. नव्वदच्या दशकापासून दर मे महिन्यात तळेघरच्या शाळेत मुलांचं शिबिर भरत आलंय. डोंगरातल्या वाड्यांची मुलं यायची, खालची उसाच्या पट्ट्यातलीही यायची. मुलं येण्याच्या आदल्या दिवशी आम्हा शिबिर सांभाळणाऱ्या ताया-दादांना तयार करायचं काम बाईंकडे. मी पारगावची, नुकतीच डी.एड. झालेली, म्हणजे शिकवण्यातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. मुलं कशी वेगवेगळी शिकतात यावर आता भाषण होणार म्हणून पेन सरसावून पुढे बसले, तर बाईंनी प्रत्येकाच्या हातात दोरीचा तुकडा दिला आणि गुरं खुंट्याला बांधतात ती गाठ शिकवायला घेतली. कितीही ओढली तरी न सुटणारी, पण मोकळं टोक खेचलं की झटक्यात सुटणारी. लोणीचा हनुमंत म्हणाला, "बाई, ह्ये तर आमी रोजच करतो की." "मग तू गप बस आणि बघ, कोण कसं शिकतंय ते." हनुमंताने नंतर सगळ्यांची मजा सांगितली. एक जण बाईंच्या बोटांवरची नजर हलवत नव्हता, एक जणी 'वरून, खालून, आत' असं पुटपुटत होती, एक जण काही न ऐकता दोरीशी झोंबत होता. माझी गाठ काही बसेना. बाई समोर बसून पुन्हा पुन्हा दाखवत होत्या आणि माझी कानशिलं तापत होती. शेवटी त्या उठून खिडकीखालच्या माठाकडे वळल्या. "पाणी पिऊन येते गं." परत आल्या तेव्हा माझी गाठ बसलेली होती. "कशी जमली?" मला सांगता येईना. "शोधून काढ," म्हणाल्या आणि दुसऱ्याकडे वळल्या. मला भारी राग आला. गाठ जमली तर शाबासकी द्यायची, उलट कोडं कसलं घालायचं!

त्याच शिबिरात चंद्रा आली. तळेघरच्या वरच्या अंगाला वाडी होती तिची. चुलत्याने आणून सोडली आणि आमच्या देखतच म्हणाला, "पोरगी एका जागी बसत न्हाई. मास्तर म्हणत्यात, हिच्या डोक्यात काय शिरत नाय. हितं काय जमलं तर जूनमधी परत शाळंत धाडतो. न्हाईतर ऱ्हाऊद्या, घरी शेरडं हाईतच." चंद्रा खाली बघत अंगठ्याने माती उकरत होती. खरंच ती बसायची नाही. बाकीची मुलं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून गोष्ट ऐकायची आणि ही उठून शाळेभोवती चकरा मारायची. आम्ही तिला धरून आणायचो, मांडी घालून बसवायचो. मग ती बसल्या जागी इतकी गप्प व्हायची की नाव विचारलं तरी उत्तर नाही. हनुमंत बाईंना म्हणाला, "हिच्या पायात लई भिंगरी हाय, बाई. चुलत्याला निरोप धाडू का?" बाईंनी विचारलं, "ती फिरते तेव्हा काय करते रे?" हे कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागून गेले, जरा अंतर ठेवून. शाळेच्या मागच्या भिंतीला वळसा घालताना चंद्रा आदल्या दिवशीची गोष्ट बोलत होती. विहिरीत पडलेल्या वासराची. सगळीच्या सगळी, मध्ये तिच्या पदरचा एक कुत्राही घातलेला. रोज वाडीवरून शाळेपर्यंत डोंगर तुडवणारी पोर ती... तिचे पाय चालले की तोंड चालायचं. आम्ही तिचे पायच बांधून ठेवत होतो. संध्याकाळी मी हे बाईंना सांगितलं.

शिबिराच्या शेवटी चुलता आला. आम्ही चंद्राला सगळ्यांसमोर गोष्ट सांगायला उभं केलं आणि पोर मुकी झाली. चुलत्याने तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या लांबून आलात, चला, विहिरीपर्यंत जाऊन येऊ. चंद्रा, वाट दाखव गं." मी मागून चालले. पहिल्या वळणापर्यंत काही नाही... आणि मग वासरू पडलं विहिरीत! चुलता आधी हसला, मग चालता चालता थांबला. त्याबरोबर चंद्राही थांबली, गोष्टही थांबली. "चला चला, थांबू नका भाऊ," बाई म्हणाल्या. परतताना त्याने पुतणीच्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "मला काय ठावं व्हतं," एवढंच म्हणाला. जूनमध्ये चंद्रा परत शाळेत गेली.

पुढे कित्येक वर्षं शिबिरात मी कुठे अडले की बाई पाणी प्यायला जायच्या, आणि भेटल्या की विचारायच्या, "सापडलं का?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायचे. त्या मान हलवायच्या, "अंहं."

या मे महिन्यात बाईंशिवाय पहिलंच शिबिर झालं. तीच खोली, खिडकीखाली तोच माठ आणि त्यावर पालथा पेला. ताया-दादांना दोरी वाटली. एका नव्या ताईची गाठ बसेना. मी समोर बसून दाखवत राहिले आणि तिचे कान लाल होत गेले. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठले. "पाणी पिऊन येते गं."

माठापाशी गेले, पेला हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. मला तहान लागलेली नव्हती. बाईंनाही कधी लागलेली नसणार. कुणी बघत नसलं की मला जमतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून त्या उठून जायच्या. बाई, सापडलं... असं म्हणायला मी वळले. मागे ती ताई एकटीच बसली होती, आणि तिची गाठ बसत आली होती. मी पेला तसाच कोरडा पालथा ठेवला आणि आणखी थोडा वेळ तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.