एसीच्या पाण्यावरचा मोगरा

माहेरचं घर पाडलं तेव्हा मी तिथून एकच गोष्ट आणली, अंगणातल्या मोगऱ्याची फांदी. आईच्या हातचा मोगरा. जुईनगरला आमच्या सोसायटीच्या बागेत, कोपऱ्यात लावला. तो लागला तेव्हा वाटलं, आईच राहायला आली माझ्याकडे.

आता आमच्या खाडीकडचं पाणी मचूळ. बोअरचं घातलं की पानांच्या कडा जळतात. म्हणून सोसायटीनं गच्चीवरचं पावसाचं पाणी बागेखालच्या टाकीत साठवलंय, झाडं त्याच्यावर जगतात. पण यंदा मे महिन्यातच माळीदादा टाकीत काठी घालून म्हणाले, "आज्जी, तळ लागला की! जूनपतोर आता बोअरचंच."

आठवड्यात मोगरा करपायला लागला. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, टेन्शन कशाला घेता? नर्सरीतून नवा आणू." मुलगा चांगला आहे हो, पण त्याला काय सांगायचं?

माहेरची विहीरही अशीच मचूळ, तिच्या पाण्यात डाळ म्हणून शिजायची नाही. पावसाळ्यात आई पागोळ्यांखाली हंडे मांडायची. तेच आठवत गॅलरीत बसले होते, आणि शेजारी एसीची नळी ठिबकत होती. टप, टप. म्हटलं, अगं बाई, हे तर गोडं पाणी! लगेच बादली लावली.

संध्याकाळी सून बघते तर मी भरली बादली मोरीत ओततेय.

"आई! दिवसभर साठवलं आणि ओतलंत?"

"पहिलं पाणी घ्यायचं नसतं गं."

तोंडातून गेलंच. मी हंड्याकडे धावले की आई ओरडायची, "पयलं पानी जाऊ दे गो, ती कौलांची धूल हाय!"

सून हसत सुटली. "आई, एसीवर कौलं कुठेत?" पण दुसऱ्या दिवशी तिनंच आपल्या खोलीच्या नळीखालीही बादली ठेवली. एरवी एसीनं माझे गुडघे धरतात. आता मीच म्हणते, लाव गं अजून तासभर.

माळीदादा चिडवायचे, "आज्जींचा मोगरा महाबळेश्वरचा झाला!" चिडवू देत. पंधरा दिवसांनी पालवी फुटली, मग एक कळी आली. परवा उमलली.

"तोडून आणू, आई?" सुनेनं विचारलं.

नको म्हटलं. शाळेत जाताना आई ओल्या हातानं फूल वेणीत खोचायची, मानेवर थेंब ओघळायचा. मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले, तिथंच वास घेतला, आणि बराच वेळ तशीच राहिले.