तोल शिकण्याचं वय

“काकू, तुमचं दुखणं पायात नाही, कानात आहे,” डॉक्टर प्रधान म्हणाले, तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं. यांनी नेहमीसारखं माझं कोपर घट्ट धरलेलं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्याच कोणाचा रिपोर्ट वाचला की काय, असं आम्हा दोघांनाही वाटलं. मला ऐकू तर स्वच्छ येत होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला होत होतं त्याला व्हर्टिगो म्हणतात. साधी घेरी नव्हे. आपण स्थिर असताना भोवतालचं सगळं फिरतंय असं वाटणं. कानाच्या पडद्याच्या पार आत लॅबिरिंथ नावाचा भाग असतो, बारीक नळ्यांची वेटोळी. आपण कुठे झुकलो, कुठे वळलो, हे मेंदूला तिथून कळतं. माझ्या तापात तिथल्या नसेला सूज आली होती.

“सूज उतरली आहे. पण तुमचा उजवा कान आता चुकीची बातमी देतो,” डॉक्टर म्हणाले.

हे सगळं एका सकाळी सुरू झालं होतं. सर्दीतापातून उठून मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. अचानक दोरी, भिंत, शेजारचं शेवग्याचं झाड, सगळं एका बाजूला वाहू लागलं. मी ओल्या लुगड्यासकट खाली बसले. पुढचे काही दिवस उशीवरून मान उचलली की ओकारी यायची. ओकाऱ्या थांबल्या, पण चालताना झोक जाणं काही थांबेना. एकदा मोरीत पडले, एकदा उंबऱ्यावर.

हे अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमधून नुकतेच निवृत्त झाले होते. मुली सासरी गेलेल्या. घरात आम्ही दोघंच. मी पडायला लागल्यापासून यांनी मला एक पाऊल एकटीनं टाकू दिलं नाही. चहा हे करायचे. तेव्हा कुकर नव्हता, पण भातही हेच शिजवायचे, करपवायचे आणि मुकाट्यानं खायचे. मी खाटेवर बसून छताकडे बघत असे. आता आपलं असंच, हे मी मनाशी धरून चालले होते.

प्रधानांनीच आम्हाला तपासणीसाठी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं होतं. तिथल्या लांबलचक बाकावर अर्धा दिवस गेला. कॅलरिक टेस्ट म्हणून एक तपासणी असते. कानात आधी गार, मग कोमट पाणी सोडतात आणि डोळे कसे हलतात ते पाहतात. दुखत नाही, पण खोली गरगरते. तुमच्यावर ती वेळ आली तर घाबरू नका, थोड्या वेळात थांबते. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

तोच रिपोर्ट प्रधानांच्या हातात होता. यांनी विचारलं, “मग पूर्ण विश्रांती ना?”

“तीच नको. पडून राहिल्या तर मेंदूला नवं शिकायला मिळणार नाही.”

“या वयात शिकायचं?”

“मेंदूला वय सांगू नका म्हणजे झालं,” डॉक्टर म्हणाले.

सकाळी रोग्यांची गर्दी होण्याआधी प्रधान दवाखान्याच्या ओसरीवर तोलाचा व्यायाम घेत. माझ्यासोबत एकच बाई होती, जमनाबाई. फाळणीनंतर कराचीहून बोटीनं आलेली, उल्हासनगरच्या कँपात बराकीत राहणारी. वयानं माझ्याएवढीच. बोटीवर बसल्यापासून तिचा तोल गेला होता. “उतरे कितने साल हुए, पर मेरी जमीन अभी भी हिलती है, बहन,” ती म्हणाली. तिच्या घरचे म्हणायचे, हा मनाचा खेळ आहे. प्रधान मात्र तसं म्हणाले नाहीत. त्यांनी तिचे डोळे, कान, तळपाय, सगळं तपासलं होतं.

व्यायाम दिसायला अगदी साधा. आधी बसून मान स्थिर ठेवायची, नजर डावीउजवीकडे न्यायची. मग नजर समोरच्या भिंतीतल्या खिळ्यावर रोवून मान वळवायची. मग भिंतीजवळ उभं राहायचं, श्वास सावकाश घ्यायचा, सोडायचा, आणि सोडताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. शेवटी डोळे मिटून तेच.

“डोळे, कान आणि तळपाय, या तिघांवर तोल असतो,” डॉक्टर सांगत. “एक कच्चा पडला की दुसऱ्या दोघांना पक्कं करायचं. आणि भीती वाटली की आधी श्वास सोडा. भ्यालेला माणूस लाकडासारखा ताठ होतो, आणि ताठ माणूस लवकर पडतो.”

सुरुवातीला त्रास वाढेल, हे त्यांनी बजावलं होतं. तो वाढलाच. घरी येऊन मी दिवसभर पडून राहू लागले. एके दिवशी यांना म्हटलं, “मी काही आता जात नाही.” यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. यांनी लगेच उशी सारखी करून दिली.

आठवडा गेला असेल. सकाळीच दारात टांगा थांबला आणि जमनाबाई उतरली. एकटी. चाकाला धरून थोडा वेळ उभी राहिली, मग फाटकाला धरून, मग आमच्या भिंतीला. ओढणी घामानं भिजलेली.

हे धावत पुढे झाले. तिनं हातानं थांबवलं. “नहीं भाईसाहब. हाथ मत दो.” माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “तू नहीं आती तो मैं किसको देखके खडी रहूँ?”

मी पायात चपला घातल्या. सवयीनं हे कोपर धरायला आले, आणि मी हात मागे घेतला. “जवळ चला,” मी म्हटलं, “पण धरू नका.”

यांना ते सोपं गेलं नाही. वाटेत मी हेलकावले की यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि तसाच मागे जायचा. शेवटी यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पुढे प्रधान यांना म्हणाले, “तुमचं काम काकूंपेक्षा अवघड आहे.” यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले.

पावसाळा सरेपर्यंत मी घरातली कामं करू लागले. जमनाबाईची जमीन पूर्ण थांबली नाही. “अब नाव छोटी हो गयी,” असं ती म्हणे. माझीही चक्कर कायमची गेलेली नाही. तुमची जाईलच, असं मी सांगणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, भिंत जवळ ठेवा, आणि पहिल्या त्रासाला व्यायाम सोडू नका, एवढंच सांगेन.

एका सोमवारी आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. दगडी पायऱ्या उतरून अंधारात जावं लागतं, आणि अंधारात डोळ्यांचा आधार नसतो. हे वरच थांबले, हात पाठीमागे. मी भिंतीला तळवा लावला, श्वास सोडला आणि एकेक पायरी उतरले. खाली पिंडीपुढे वाकून सरळ होताच सगळं फिरू लागलं. मी कोणाला हाक मारली नाही. पायाखालचा गार, ओला दगड तळपायांना लागत होता. त्याच्याकडे लक्ष दिलं, श्वास सावकाश घेतला, सोडला. थोड्या वेळानं गाभारा जागेवर आला.

वर आले तर हे तसेच उभे होते, घामाघूम.

“आली होती?” यांनी विचारलं.

“आली होती,” मी म्हटलं. “गेली.”