मिरचीच्या पथारीवर सांगायचा सिनेमा

नंदुरबारच्या स्टँडवर मला सोडायला माय थेट मिरचीच्या पथारीवरून आली होती. उघड्या मैदानात लाल मिरची वाळत पसरलेली असते ती पथारी. माय तिथे देठ खुडते. हात कितीही धुतले तरी तिखट निघत नाही, म्हणून तिने माझ्या गालावरून कोपर फिरवलं. पुण्याची गाडी लागली होती. ती एवढंच म्हणाली, "तठे जे देखशी ते सांगजो."

तिला पुण्याचे पूल आणि मॉल ऐकायचे नव्हते. तिला पिक्चर हवे होते.

पथारीवर पिक्चर सांगायची रीत आहे. जिने बघितला तिने तोंडाचा फडका सैल करून बाकीच्यांना सांगायचा. नाव कुणी सांगत नाही. विहिरीतल्या नवरीचा, दोन सासूंचा, एवढ्यावर भागतं. आणि शेवट पटला नाही तर बायका तो सांगणारीकडून बदलून घेतात. सुट्टीच्या दिवशी मी मायसोबत जायचे. आवाज मोठा म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. आज मी मोर्चात बोलते, पत्रकं लिहिते, त्याची तालीम तिथलीच, कुठल्या शिबिरातली नाही.

इथे पुण्यात खोलीत आम्ही तिघी, ओटीटीचा पासवर्ड एकच. कुणीतरी लिंक पाठवतं, 'मस्ट वॉच'. काय आहे त्यात म्हणून विचारलं की उत्तर येतं, स्पॉयलर नको. पिक्चर बघायचा आणि एकट्याने पोटात ठेवायचा? मला हे पटत नाही, पटणार नाही. म्हणून रनाळ्याला, शहाद्याला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पुण्यात-सुरतेत खोली करून राहणाऱ्यांनो, यंदा मला आवडलेलं शेवटासकट सांगते.

एक पुस्तक. बंदरावर परक्यांचे कपडे इस्त्री करणाऱ्या बाईचं. खिशात राहिलेल्या चिठ्ठ्या ती वाचते आणि शेवटी स्वतःच एक लिहून एका सदऱ्यात ठेवते. जाड नाही. वाचाच.

एक मालिका. बस कंडक्टर बाई आणि तिचा बेरोजगार नवरा. पहिले दोन भाग रटाळ आहेत, सोसा. पुढे तो स्वयंपाक शिकतो आणि घरात खरं भांडण सुरू होतं. पण त्यातला नोकर आपली अहिराणी बोलतो, तीही फक्त हसवायला, म्हणून माझा संताप झाला. आमच्या बोलीत कुणी रडत नाही का? प्रेम करत नाही? बघा, पण चिडून बघा.

आणि एक सिनेमा. कामासाठी गाव सोडलेली पोरगी बऱ्याच वर्षांनी परत निघते. गावच्या स्टेशनावर उतरते, गाडी निघून जाते, ती बॅग धरून उभी. संपलं. माझ्या रूममेट्सनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

गेल्या आठवड्यात मायचा फोन पथारीवरूनच आला. तिथे आता मोबाईलवर रील चालतात, सांगणारी कुणाला लागत नाही. पण मायने पैज मारल्यासारखं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "मन्ही पोर सांगस तसा कोणी सांगत नही." फोन स्पीकरवर. मी सुरुवात केली, "ही एका स्थलांतरित तरुणीची कथा आहे..."

पलीकडून जैतूनखाला, मायच्या शेजारी बसून खुडणारी, म्हणाली, "बेटी, अखबार पढ रही क्या? अपनी बोली में बोल."

दोघी-तिघी हसल्या. माय हसली नाही. ही बोली गेली तर मला तिथे परत बसायला जागा कुठली?

मी डोळे मिटले. "एक पोर व्हती..." म्हटलं, आणि तोंड आपोआप वळलं. मधेच कुणीतरी "मंग काय व्हयनं?" विचारलं आणि रील बंद झाल्याचं मला ऐकू आलं. शेवटी पोरगी स्टेशनावर उभी राहिली. मी थांबले.

"मंग?" माय.

"मंग काय नही. इतलाच शे."

"इतलाच कसा? तिले घर पोचाड, मंग फोन ठेव."

मग मी तिला पोचवलं. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळवून दिली, गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. दारात तिची माय उभी होती, कामावरून नुकतीच आलेली, हात तिखट. तिने पोरीच्या गालावरून कोपर फिरवलं.

तिकडे मिरचीचा ठसका लागल्यासारखी माय खोकली. म्हणाली, "आते बरं शे."

तर तो सिनेमा जरूर बघा. पण पडदा काळा झाला की संपला असं समजू नका. उरलेला पथारीवर आहे, आणि माझं घरही तिथेच, जिथे उभ्या राहिलेल्या पोरीला कुणी तसंच उभं ठेवत नाही.